सायकल मधेच अडकते म्हणून लॅडर सोडून एसएफसीकडे जावं का?

प्रश्न जसा समजला तसा आधी मांडतो. ड्रिलिंगचं एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेलं मशीन) आहे, कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, कोडेसिस या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरवर चालणारा आहे आणि प्रोग्राम तुम्ही लॅडरमध्ये (रिलेच्या शिडीसारख्या ड्रॉइंगच्या भाषेत) सेट-रिसेट कॉइल वापरून लिहिलाय, म्हणजे एकदा सेट केलेला बिट रिसेट करेपर्यंत चालूच राहतो. सलग चालवलं तर मशीन दिवसभर व्यवस्थित चालतं. पण मधेच लाइट गेली किंवा इमर्जन्सी दाबली, की पुन्हा सुरू करताना सायकल भलत्याच जागेवरून उचलते. एकदा तर ड्रिल जॉबमध्ये असतानाच क्लॅम्प सुटला. मालक म्हणतात एसएफसीत (स्टेपचा चार्ट काढायच्या भाषेत) लिहा, मित्र म्हणतो एसटी (मजकुरात लिहायची भाषा) शिक. यातलं कुणाचं ऐकायचं?

या मशीनपुरतं बोलायचं तर कुणाचंच नाही. लॅडरच ठेवा, पण लिहिण्याची पद्धत बदला.

अडचण अशी आहे की ‘आत्ता मशीन कोणत्या स्टेपला आहे’ याचं उत्तर तुमच्या प्रोग्राममध्ये एका जागी मिळत नाही. ते सेट-रिसेटच्या लॅच बिटांमध्ये विखुरलेलं आहे. एक बिट इथे सेट होतो, पाच नेटवर्क (शिडीच्या पायऱ्या) खाली कुठल्यातरी दुसऱ्याच कारणाने रिसेट होतो. त्यातले काही रिटेन मेमरीत (लाइट गेली तरी टिकणाऱ्या) असतात, काही नसतात. लाइट गेली की रिटेनवाले तसेच राहतात आणि बाकीचे पुसले जातात. परत आल्यावर बिटांची जी खिचडी उरते, ती सायकलच्या कुठल्याच खऱ्या अवस्थेशी जुळत नाही. हाच प्रोग्राम एसटीत लिहिला तरी खिचडी तीच राहील.

भाषा कोणती घ्यावी हे बरंचसं परिस्थितीवर ठरतं. मशीन कुणाकडे जाणार, रात्रपाळीला लॅपटॉप कोण उघडणार, ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये काय लिहिलंय आणि पीएलसी कोणता आहे, हे सगळं त्यात येतं. लॅडर अजून टिकून आहे याचं कारण १९६८-६९ पासून तेच आहे: मोडिकॉनचा पहिला पीएलसी आला तेव्हा रिलेची ड्रॉइंग वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला नवीन काही शिकायला लागू नये, म्हणून पडद्यावरही तीच शिडी ठेवली. आयटीआय झालेला मेंटेनन्सवाला आजही लॅडर ऑनलाइन उघडून, कुठल्या कॉन्टॅक्टपाशी निळी रेघ तुटली ते पाहून प्रॉक्सीपर्यंत (भाग जागेवर आल्याचं कळवणाऱ्या सेन्सरपर्यंत) पोचतो. एसटी उघडल्यावर तो तुम्हालाच फोन करणार.

आयईसी ६११३१-३ हे स्टँडर्ड १९९३ मध्ये आलं. त्यात लॅडर आणि एफबीडी (ब्लॉक जोडून काढायची) या चित्रांच्या भाषा, एसटी आणि आयएल या मजकुराच्या, आणि या सगळ्यांना क्रमात बांधणारा एसएफसी. आयएल २०१३ च्या आवृत्तीपासून मोडीत काढायच्या यादीत गेली, ती नव्याने शिकू नका. स्टँडर्डचा खरा फायदा हा, की एकाच प्रोजेक्टमध्ये या भाषा मिसळता येतात. त्यामुळे ‘लॅडर की एसएफसी’ हा प्रश्न पूर्ण मशीनला न विचारता मशीनच्या एकेका भागाला विचारावा.

आता कामाकडे. संगणक बंद ठेवून आधी कागदावर स्टेपचा तक्ता करा. मी तुमचं मशीन असं धरतो: हायड्रॉलिक क्लॅम्प, हायड्रॉलिक स्लाइडला रॅपिड (वेगाने सरकणं) आणि फीड (कापताना हळू सरकणं), स्पिंडलला थ्री-फेज मोटर.

स्टेप ० म्हणजे होम: स्लाइड मागे, क्लॅम्प उघडा, स्पिंडल बंद.
१० क्लॅम्प: प्रेशर स्विच सलग ३०० मिलिसेकंद आला की पुढे. कमाल वेळ ३ सेकंद.
२० स्पिंडल सुरू: कॉन्टॅक्टरचा फीडबॅक आला आणि १ सेकंद झाला की पुढे.
३० रॅपिड पुढे: फीडच्या जागेचा प्रॉक्सी येईपर्यंत.
४० फीड: डेप्थचा प्रॉक्सी येईपर्यंत. नेहमी १८ सेकंद लागत असतील तर कमाल २५ ठेवा.
५० ड्वेल (तळाशी थांबणं): अर्धा सेकंद.
६० रॅपिड मागे: स्लाइड मागे आल्याचा प्रॉक्सी.
७० स्पिंडल बंद: फीडबॅक गेला की पुढे.
८० डिक्लॅम्प: प्रेशर स्विच गेला आणि क्लॅम्प उघडल्याचा प्रॉक्सी आला, की पुन्हा ०.

आकडे दहा-दहाने वाढवलेत, कारण महिन्याभरात ग्राहक मधे चिप उडवायला एअर ब्लो मागतो आणि तेव्हा ४५ किंवा ५५ मोकळा लागतो. प्रत्येक स्टेपला तीन गोष्टी हव्यातच: कोणते आउटपुट चालू, कोणत्या अटीवर पुढे जायचं, आणि किती वेळात गेलं नाही तर फॉल्ट. तिसरा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. मग प्रॉक्सीवर चिप चिकटली की मशीन नुसतं उभं राहतं आणि ऑपरेटरला कारण कळत नाही.

हा तक्ता लॅडरमध्ये आणताना लॅच बिट सगळे काढून टाका आणि दोन पूर्णांक घ्या: चालू स्टेप आणि पुढची स्टेप. टॅगची नावं रोमन लिपीत द्या, कॉमेंट हवी त्या भाषेत लिहा. दोन पूर्णांक का, एक का नाही? पीएलसी इनपुट वाचतो, प्रोग्राम वरून खाली एकदा चालवतो, मग आउटपुट लिहितो; अशी एक फेरी म्हणजे स्कॅन. समजा एकच पूर्णांक आहे. नेटवर्क ५ मध्ये अट पूर्ण झाली आणि स्टेप ३० ची ४० झाली. नेटवर्क ६ विचारतं, ‘स्टेप ४० आहे का आणि डेप्थ प्रॉक्सी आहे का?’ तो प्रॉक्सी चिपमुळे आधीपासूनच चालू अडकला असेल, तर त्याच स्कॅनमध्ये ४० ची ५० होते. फीडचा सोलेनॉइड (व्हॉल्व्ह हलवणारा चुंबक) एकदाही लागत नाही, टायमर रिसेट होत नाही, आणि मॉनिटरवर ४० कधी दिसतच नाही. अशी चूक शोधायला अख्खा दिवस जातो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी स्टेप बदलणारी सगळी नेटवर्क: चालू स्टेप ३० असेल आणि फीडच्या जागेचा प्रॉक्सी असेल, तर मूव्हने पुढच्या स्टेपमध्ये ४० टाका. वाचायचं कायम ‘चालू’मधून, लिहायचं कायम ‘पुढची’मध्ये. त्यांच्या खाली फॉल्टचं नेटवर्क: वेळ संपली तर चालू स्टेपचा आकडा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवा आणि पुढची स्टेप ९०० करा. हे नेटवर्क मुद्दाम शेवटी, कारण एकाच जागी दोनदा लिहिलं तर शेवटचं लिखाण टिकतं. त्यानंतर सगळ्या स्टेपसाठी मिळून एकच टीओएन (इनपुट चालू असेपर्यंत वेळ मोजणारा) टायमर, ज्याच्या इनपुटला ‘चालू बरोबर पुढची’ ही तुलना. स्टेप बदलते त्या स्कॅनला दोन्ही आकडे वेगळे असतात, इनपुट पडतो आणि टायमर शून्यावर येतो. टायमरचा पीटी (ठरवलेली वेळ) दहा मिनिटं ठेवा आणि ड्वेलला, टाइमआउटला ईटीशी (आतापर्यंत झालेल्या वेळेशी) तुलना करा. सगळ्यात खाली पुढचीतला आकडा चालूमध्ये मूव्ह. पंधरा-वीस नेटवर्कमध्ये अख्खी सायकल बसते.

आउटपुटचा भाग यातून पूर्ण वेगळा. प्रत्येक सोलेनॉइडची कॉइल अख्ख्या प्रोग्राममध्ये एकदाच. फीडच्या कॉइलमागे एका फांदीत ऑटो मोड आणि चालू स्टेप ४०, दुसऱ्या फांदीत मॅन्युअल मोड आणि फीडचं बटण, आणि दोन्हींच्या पुढे सामाईक इंटरलॉक (या अटी पुऱ्या नसतील तर कॉइल लागत नाही): क्लॅम्पचं प्रेशर आहे, स्पिंडलचा फीडबॅक आहे. मॅन्युअलसाठी वेगळ्या नेटवर्कमध्ये तीच कॉइल दुसऱ्यांदा लिहिली, तर खालचं नेटवर्क वरच्यावर पाणी फिरवतं. एडिटर क्रॉस-रेफरन्समध्ये हे दाखवतो, पण कम्पाइल करताना दर वेळी अडवेलच असं नाही.

डिक्लॅम्पच्या कॉइलमागचं इंटरलॉक सगळ्यात महत्त्वाचं: स्लाइड मागे आल्याचा प्रॉक्सी नसेल तर डिक्लॅम्प नाही, मोड कोणताही असो. तुमचा क्लॅम्प सुटला तो इथे.

पण नुसत्या प्रोग्रामने हे भागत नाही. इमर्जन्सीचं बटण प्रोग्राममध्ये फक्त कळवण्यापुरतं असावं. आउटपुटचा पुरवठा सेफ्टी रिलेने तुटला पाहिजे. साध्या पीएलसीच्या लॅडरमध्ये इमर्जन्सी ‘लिहिणं’ हे कुठल्याही भाषेत चूकच. आणि पुरवठा तुटल्यावर व्हॉल्व्ह कुठे जातो ते सर्किट पाहून ठरवा. क्लॅम्पला स्प्रिंग रिटर्न सिंगल सोलेनॉइड बसवला असेल, तर पुरवठा गेला की तो मूळ जागी येतो, आणि मूळ जागा डिक्लॅम्पची असेल तर प्रोग्राम कितीही चांगला असला तरी जॉब सुटणार. तिथे डिटेंटचा (पुरवठा गेला तरी आहे त्या जागी टिकणारा) डबल सोलेनॉइड घ्या, आणि पंप बंद पडल्यावर प्रेशर टिकावं म्हणून पायलट चेक व्हॉल्व्ह. स्लाइडला थ्री-पोझिशन व्हॉल्व्ह, मधली पोझिशन बंद, म्हणजे ती आहे तिथे थांबते. स्टॉप बटणाचं वायरिंग एनसी (न दाबता जोडलेलं) असतं, म्हणून प्रोग्राममध्ये त्याचा कॉन्टॅक्ट साधा एनओ (सिग्नल असला की जोडला जाणारा) काढायचा. नवीन मुलं दोन्हीकडे एनसी काढतात, मग मशीन सुरूच होत नाही, आणि वैतागून वायरिंग एनओ करून टाकतात. त्यानंतर वायर तुटली तर स्टॉप दाबून काहीही होत नाही.

लाइट परत आल्यावर काय करायचं? स्टेपचा आकडा रिटेन ठेवू नका असं माझं मत आहे. लाइट नसताना कुणी हाताने व्हॉल्व्ह दाबला असेल, जॉब काढला असेल. जुना आकडा आता खोटा असू शकतो. सुरुवातीला आकडा ० नव्हे, ९०० असावा, म्हणजे ‘होम नाही’. ऑपरेटरने होमचं बटण धरल्याशिवाय काहीही हलू नये. होमचा स्वतःचा छोटा क्रम करा, ९१० पासून पुढे: क्लॅम्प जसा आहे तसा ठेवा, स्पिंडल सुरू करा, स्लाइड मागे घ्या, मागचा प्रॉक्सी आला की स्पिंडल बंद, मग डिक्लॅम्प. ड्रिल भोकात असेल तर तो फिरता ठेवूनच मागे घ्यायचा, थांबलेला ओढला तर मोडू शकतो. टॅप असेल तर उलटा फिरवून, पिचशी जुळलेल्या वेगाने. तिथे होमचा क्रम वेगळा लिहावा लागतो. बॅच प्लांट असता तर मी उलटं सांगितलं असतं. तिथे टाकीत अर्धा माल पडलेला असतो, स्टेप रिटेन ठेवून ऑपरेटरला ‘इथून पुढे जायचं का’ असं विचारावं लागतं.

आता मालकांच्या एसएफसीकडे. त्यांचा सल्ला चुकीचा नाही, फक्त या मशीनला गरज कमी आहे. एसएफसी आला फ्रान्समधल्या १९७७ च्या ग्राफसेट या आकृती-पद्धतीतून, आणि तुमचा वरचा तक्ता म्हणजे त्याचंच लिखित रूप आहे: चौकोन म्हणजे स्टेप, आडवी रेघ म्हणजे ट्रान्झिशन. एका स्कॅनमध्ये दोन स्टेप पडण्याची वर सांगितलेली भानगड इथे होत नाही, पुढची स्टेप पुढच्या स्कॅनलाच चालते. प्रत्येक स्टेपला कमाल वेळ देता येतो; त्यासाठी एसएफसी-इनेबल-लिमिट हा बिट डिक्लेअर करून चालू करावा लागतो, मग वेळ संपली की एसएफसी-एरर येतो.

पण कोडेसिसमध्ये तीन ठिकाणी लोक ठेचकाळतात. पहिलं म्हणजे क्वालिफायर (ॲक्शन कधी चालायची हे सांगणारं अक्षर) एन लावलेली ॲक्शन. ॲक्शनच्या जागी थेट बूलियन व्हेरिएबल लिहिलं तर स्टेप संपल्यावर ते आपोआप फॉल्स होतं. पण ॲक्शन म्हणून वेगळा कोड लिहिला आणि त्यात ‘फीड बरोबर ट्रू’ असं टाकलं, तर स्टेप संपल्यावरही फीड ट्रूच राहतो, कारण त्याला फॉल्स करणारं कुणी नाही. शिवाय अशी आयईसी ॲक्शन स्टेप संपल्यानंतरच्या स्कॅनमध्ये आणखी एकदा चालते. त्यात जॉबचा काउंट वाढवायचा कोड असेल तर आकडे चुकतात. काउंट स्टेपच्या एंट्री किंवा एक्झिट ॲक्शनमध्ये टाका, ती एकदाच चालते.

दुसरं, क्वालिफायर एस. स्पिंडल स्टेप २० ला एसने (सेट) लावला आणि ७० ला आरने (रिसेट) काढला. पुढे कुणीतरी ४० वरून थेट ८० ला जाणारी पर्यायी फांदी जोडली. आरवाली स्टेप वगळली गेली आणि स्पिंडल चालूच राहिला. हे तुमच्या सेट-रिसेटचंच दुसरं रूप. म्हणून एसएफसीतही मी आउटपुट लिहित नाही. चार्टने फक्त स्टेप सांभाळाव्यात, आणि आउटपुटच्या लॅडरमध्ये स्टेपच्या नावापुढे ‘.एक्स’ लावून तो बिट कॉन्टॅक्ट म्हणून घ्यावा. म्हणजे वर सांगितलेला आउटपुटचा भाग जवळजवळ जसाच्या तसा वापरता येतो.

तिसरं, समांतर फांद्या. दुहेरी रेघेखाली दोन-तीन फांद्या एकदम चालतात आणि खाली सगळ्या संपेपर्यंत थांबतात. एका फांदीच्या पोटातून जंप मारून बाहेर गेलात तर दुसरी फांदी तशीच जिवंत राहते आणि चार्ट एकाच वेळी दोन भलत्या ठिकाणी चालू दिसतो. फॉल्टसाठी जंप मारू नका, चार्टच्या बाहेरून एसएफसी-इनिट हा बिट द्या. तो ट्रू असेपर्यंत चार्ट पहिल्या स्टेपवर येऊन थांबतो, ती स्टेप चालत मात्र नाही. एसएफसी-रिसेटमध्ये पहिली स्टेप चालते. दोघांत गल्लत झाली की ‘इनिट दिला तरी होम का होत नाही’ असा प्रश्न येतो.

तेव्हा एसएफसी कधी? पुढचं मशीन इंडेक्स टेबलचं आलं, चार स्टेशनवर ड्रिल, चॅम्फर, टॅप आणि लोडिंग एकदम चालणार असेल, तर जरूर घ्या. तिथे चार स्टेप-आकडे आणि त्यांचं एकमेकांसाठी थांबणं लॅडरमध्ये डोळ्यांना दिसत नाही, चार्टमध्ये एका पानावर दिसतं.

एफबीडी या मशीनला लागलाच तर तेलाच्या तापमानासाठी: ॲनालॉग इनपुट, स्केलिंग, फिल्टर, हिस्टेरिसिस, कूलरचा फॅन. सिग्नल डावीकडून उजवीकडे वाहतो तिथे तो छान वाचता येतो. कोडेसिसमधला सीएफसी मोकळ्या पानावर ब्लॉक कुठेही ठेवू देतो, पण ब्लॉक चालतात त्यांच्या क्रमांकाने. तो क्रम हाताने ठरवायच्या मोडमध्ये असाल आणि मधे नवीन ब्लॉक घातलात, तर त्याचा क्रमांक तपासा. चुकीचा असेल तर पुढचा ब्लॉक जुनी किंमत वापरतो. १० मिलिसेकंदांच्या टास्कमध्ये एक उलटा ब्लॉक म्हणजे १० मिलिसेकंद उशीर. तापमानाला चालतं, डेप्थच्या सिग्नलला नाही. एसटी शिकाच, पण रेसिपी, ॲरे आणि गणितासाठी. मित्राचा मुद्दा तिथे बरोबर आहे.

एडिटरबद्दल थोडं. लॅडरमधलं नेटवर्क कॉपी-पेस्ट करताना त्यातल्या टायमरचं इन्स्टन्सचं नाव बदला. एकच इन्स्टन्स दोन जागी असला की दोन्हीकडचे वेळ एकमेकांत घुसतात. कोडेसिसचं डेव्हलपमेंट सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात सिम्युलेशन आहे, तेव्हा वरचा सगळा क्रम घरी बसून तपासता येतो. मशीन पाठवताना ‘सोर्स डाऊनलोड’ आठवणीने करा. नुसता प्रोग्राम डाऊनलोड केला असेल तर पुढे तुमचा लॅपटॉप बिघडल्यावर पीएलसीतून प्रोजेक्ट परत मिळत नाही. आणि एका कंपनीच्या एडिटरमधलं चित्र दुसरीच्या एडिटरमध्ये सहसा उघडत नाही. उद्या ग्राहकाने सीमेन्सचा एस७-१२०० मागितला, तर त्यात एसएफसीसारखी ग्राफ भाषा मिळणार नाही, ती १५०० मध्ये आहे. स्टेप-आकड्याचं लॅडर मात्र तासाभरात पुन्हा काढता येतं, आणि तुमचा कागदी तक्ता तर सगळीकडे चालतो.

नवीन प्रोग्राम टाकल्यावर चाचणी अशी करा. स्पिंडलमध्ये ड्रिल न लावता, सायकल प्रत्येक स्टेपवर आणून एकदा इमर्जन्सी दाबा आणि एकदा मेन बंद करा. नऊ स्टेप, दोन प्रकार, म्हणजे अठरा वेळा. प्रत्येक वेळी कागदावर लिहा: क्लॅम्प धरून राहिला का, स्लाइड थांबली का, पुरवठा परत आल्यावर बटणाशिवाय काही हललं का, होम नीट झालं का. स्टेप ४० आणि ५० ला हेच ड्रिल लावून, टाकाऊ जॉबवर पुन्हा करा. यात एकाही ठिकाणी क्लॅम्प ढिला पडला, तर प्रोग्रामला हात लावायच्या आधी हायड्रॉलिक सर्किट आणि क्लॅम्पच्या व्हॉल्व्हचा पार्ट नंबर इथे टाका.